नौपाड्याच्या बाजारासाठी वारा कापणारा टप

मुरबाड व शहापूर या तालुक्यांतील भाजीपाला पिकविणाऱ्या शेतकऱ्यास ठाणे शहर हे हाकेच्या अंतरावरील गिऱ्हाईक होय. पहाटे माल भरून निघाल्यास सुमारे पन्नास किलोमीटरची वाट संपवून, उजाडता उजाडता नौपाड्यात पोहोचता येते. गोखले रोड व राम मारुती रोड यांच्या आजूबाजूची वस्ती चोखंदळ आहे. ती मेथीची जुडी हातात घेते, उलटी करून देठ पाहते आणि मगच दर विचारते. २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाल्यापासून आपला माल आपणच ग्राहकाच्या हाती देण्याचा मार्ग शेतकऱ्यास मोकळा झाला. परंतु जो माल शेतावर टवटवीत होता तोच नौपाड्यात उतरविताना मलूल झालेला असेल, तर थेट विक्रीचा लाभ वाटेतच गळून जातो. पालेभाजीतील पाणी तिच्या वजनाच्या शेकडा ३ ते ५ इतके उडाले, की ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांत शिळी ठरते. उघड्या ट्रेलरमधून, ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या वेगाने, तासदीड तास वारा खात आलेल्या मेथीचे काय होत असेल, हे निराळे सांगावयास नको.

जीपच्या अथवा लहान मालमोटारीच्या मागे जोडावयाच्या छोट्या ट्रेलरवर ताडपत्री बांधून काम भागविण्याची रीत सर्वत्र आढळते. प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील मुरबाडकडील एका शेतकरी बंधूंनीही अनेक वर्षे तेच केले. एका पावसाळी पहाटे, समोरून भरधाव ट्रक जाताच, ताडपत्रीचा पुढचा काठ सुटला, ती फुग्यासारखी फुगली आणि फाटून मागच्या मोटारसायकलस्वाराच्या अंगावर गेली. स्वार सुदैवाने बचावला. माल मात्र भिजला, आणि त्याहून अधिक म्हणजे त्या गृहस्थांचा धीर खचला. “साहेब, आता वरती पक्की पेटीच बसवतो,” असे म्हणून त्यांनी गावच्या वेल्डरकडून पत्र्याची चौकोनी पेटी करून घेतली. पेटी मजबूत होती. पण गाडी मागे ओढल्यासारखी चालू लागली आणि डिझेलचा खर्च वाढला. ही तक्रार घेऊन ते आले, तेव्हा त्या पेटीत चूक कोठे झाली याचा शोध घेणे भाग पडले. त्यातून जो टप तयार झाला त्याची हकीकत पुढे दिली आहे.

टप हा शब्द आपल्यास नवा नाही. वऱ्हाडाच्या बैलगाडीला व टांग्याला टप असेच. कळकाच्या कामट्या वाकवून कमानी करावयाच्या व त्यांवर तट्ट्या किंवा कापड ताणावयाचे, ही ती रचना. तो टप ऊनपावसासाठी होता. वाऱ्याचा विचार करण्याचे त्यास कारण नव्हते, कारण बैल ताशी तीन-चार किलोमीटरच चालतो. वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो. यावरून एक गोष्ट प्रथमच स्पष्ट करणे इष्ट आहे. ज्यांचा ट्रेलर ट्रॅक्टरच्या मागे वीस-पंचवीस किलोमीटरच्या वेगाने जातो, त्यांनी वारा कापण्याच्या खटपटीत पैसा घालू नये. त्यांस साधा कमानीचा टप पुरे आहे. पुढील सर्व विवेचन जीप, पिकअप अथवा तत्सम वाहनामागे महामार्गावरून जाणाऱ्या ट्रेलरसाठी आहे.

आता त्या चौकोनी पेटीचा हिशेब पाहू. ती बाहेरून १३५ सेंटिमीटर रुंद व १०५ सेंटिमीटर उंच होती. म्हणजे वाऱ्याला सामोरे येणारे तोंड सुमारे १.४ चौरस मीटरचे झाले. ताशी ६० किलोमीटर वेगाला अशा धारदार कडांच्या सपाट तोंडावर सुमारे २४ किलोचा जोर मागे रेटतो. पक्क्या सडकेवर ५०० किलो वजनाचा भरलेला ट्रेलर नुसता लोळविण्यास सात-आठ किलोचा जोर लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे वाऱ्याचा वाटा किती मोठा आहे ते ध्यानी येईल. तेच ताशी ३० किलोमीटरला वाऱ्याचा जोर सहा किलोवर येतो. पुढील गाडी ट्रेलरइतकीच उंच व रुंद असेल तर तिच्या आडोशाने हा आकडा बराच घटतो. जीप बुटकी असून मागील पेटी तिच्या टपावरून डोके वर काढीत असेल, तर मात्र पुरता मार बसतो. आमच्या शेतकरी बंधूंची स्थिती दुसऱ्या प्रकारची होती.

पुष्कळांचा असा समज असतो की वारा कापावयाचा म्हणजे पुढे भाल्याच्या फाळासारखे टोक काढले पाहिजे. हा समज खरा नाही. चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूस खाडीत होड्या पाहिल्या असतील त्यांना होडीची नाळ आठवेल. पण होडी पाण्याच्या पृष्ठावर लाटा उठवीत जाते, गाडी सर्व बाजूंनी हवेत बुडालेली असते. दोहोंचा न्याय एक नाही. हवेला टोक नको असते. तिला कडा बोथट व गोल हव्या असतात. धारदार कडेवरून वळताना हवा पृष्ठभाग सोडून उसळते आणि बाजूंना भोवरे माजतात. कड गोल असल्यास ती पृष्ठभागाला चिकटून मागे सरकते.

या बाबतीत अमेरिकेतील एक उदाहरण मोठे बोधप्रद आहे. नासाच्या कॅलिफोर्नियातील उड्डाण संशोधन केंद्रातील अभियंता एडविन साल्ट्झमन हे सायकलने कामावर जात असत. शेजारून मोठा ट्रक गेला की हवा आधी आपणास बाजूला ढकलते व मग आत ओढते, हे त्यांच्या ध्यानी आले. १९७३ मध्ये त्यांच्या चमूने एक जुनी व्हॅन घेऊन तिच्याभोवती ॲल्युमिनियमचे सपाट पत्रे बसविले आणि सर्व कडा काटकोनी ठेवून ती मुद्दाम खोक्यासारखी केली. नंतर एकेक कड गोल करून, गाडी वेगात सोडून तिचा वेग कसा उतरतो ते मोजले. केवळ कडा गोल केल्याने वाऱ्याचा रोध निम्म्याच्या आसपास उतरला आणि आतील जागा मात्र अगदी थोडीच कमी झाली. विमाने तपासणाऱ्या संस्थेने पत्र्याच्या खोक्यावर केलेला हा प्रयोग आपल्या गावच्या वेल्डरच्या आवाक्यातील आहे, हे त्याचे विशेष.

कड किती गोल करावी? रुंदीच्या दहाव्या हिश्श्याएवढी त्रिज्या बहुधा पुरते. म्हणजे आपल्या टपास चौदा-पंधरा सेंटिमीटर. परंतु पत्रा वाकविण्यास साचा लागतो, आणि दोनशे लिटरचे तेलाचे पिंप प्रत्येक गावी मिळते. त्याची त्रिज्या सुमारे २८ सेंटिमीटर भरते. म्हणून आम्ही तीच धरली. पुढील तोंडाचा मधला ७९ सेंटिमीटरचा भाग सपाट राहिला व दोन्ही बाजूंना पाव-पाव पिंपाचा बाक आला. एका बाकास ४४ सेंटिमीटर पत्रा लागतो. तेव्हा सर्व मिळून १६७ सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच फूट लांबीचा एकच अखंड पत्रा पुरला. पत्रा पिंपावर ठेवून दोघांनी हळूहळू दाबत न्यावा. हातोडीने ठोकू नये, ठोकल्यास पोचे पडतात. वरची कडही अशीच गोल करणे चांगले, परंतु जेथे तीन बाक एकत्र येतात तो कोपरा कठीण जातो. तेथे कलिंगडाच्या फोडीसारखे त्रिकोणी तुकडे कापून रिबेटने जोडावेत व सांधे सीलंटने बुजवावेत. हे काम जमणार नसेल तर उभ्या कडा पिंपावर व आडवी कड अर्ध्या चिरलेल्या जाड पी.व्ही.सी. नळीने गोल करावी. शोभेस उणे, पण कामास पुरे.

हा गोल भाग ट्रेलरच्या साट्यावर घेऊ नये, दांडीवर पुढे घ्यावा. भाजीचे क्रेट साठ सेंटिमीटर लांब व चाळीस रुंद असतात. आतून १९० सेंटिमीटर लांब व १३० रुंद जागा ठेवल्यास एका थरात नऊ व तीन थरांत सत्तावीस क्रेट चपखल बसतात. गोल कोपरा साट्यावर आला की पुढचे दोन क्रेट अडतात. पुढील नाकाड्यात तराजू, दोरखंड, पाण्याचा कॅन व गोणपाट ठेवावे. मात्र नाकाडे वेल्डिंगने कायम करण्यापूर्वी ट्रेलर मोकळ्या शेतात नेऊन गाडी दोन्ही अंगांस पूर्ण वळवून पाहावी. नौपाड्यातील गल्लीत ट्रेलर मागे घेताना गाडीचा मागचा कोपरा नाकाड्यास घासला, तर ती चूक दुरुस्त करण्यास तेथे जागा नसते.

सांगाड्यास २५ मिलिमीटरची चौकोनी लोखंडी नळी घेतली. नळी व जस्ताचा पत्रा मिळून टपाचे वजन सुमारे साठ किलो भरले. ॲल्युमिनियमचा पत्रा वापरल्यास दहाएक किलो वाचतात, खर्च वाढतो. हे साठ किलो मालाच्या वजनातून वजा होतात, हे विसरू नये. नोंदणीपत्रात दिलेल्या भारापेक्षा एक किलोही अधिक भरावयाचा नाही.

मागच्या बाजूकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. वास्तविक वाऱ्याचा पुष्कळसा ओढा तेथेच निर्माण होतो, कारण चौकोनी पाठीमागे हवेची पोकळी तयार होऊन ती गाडीला मागे खेचते. आदर्श आकार पाण्याच्या थेंबासारखा, पुढे गोल व मागे लांब निमुळता. अमेरिकेत १९३० नंतरच्या काळात हौशी लोकांनी घरच्या घरी प्लायवूडचे जे छोटे प्रवासी ट्रेलर बांधले, त्यांना याच आकारावरून अश्रुबिंदूचे नाव मिळाले. परंतु भाजीच्या ट्रेलरला लांब शेपूट परवडत नाही. शेवटचे क्रेट त्यात बसणार नाहीत. म्हणून शेवटच्या साठ सेंटिमीटरमध्ये छत केवळ दहा सेंटिमीटरने उतरते केले. यापेक्षा अधिक तीव्र उतार केल्यास हवा छत सोडून देते आणि केलेले श्रम वाया जातात. खालचे क्रेट या उताराने अडत नाहीत. शेवटच्या रांगेत वरच्या थरास बुटके क्रेट ठेवले की झाले.

मागील दार वरून बिजागरीचे केले. ही सूचना त्या शेतकरी बंधूंच्या पत्नीची, व सगळ्या टपात तीच सर्वांत मोलाची ठरली असे म्हणावयास हरकत नाही. दार वर उचलून दोन गजांवर टेकविले की विक्रीच्या जागी आपोआप सावली होते. ऊन चढले तरी जुड्या कोमेजत नाहीत आणि गिऱ्हाईकही सावलीत उभे राहते. गज मात्र खिळीने अडकविण्याची सोय हवी, नाहीतर वाऱ्याच्या झोताने दार एखाद्याच्या डोक्यावर यावयाचे.

छत सांगाड्याशी खिळ्यांनी किंवा तारेने बांधणे धोक्याचे आहे. गोल कडेवरून वळताना हवा वेग घेते व तेथे दाब कमी होतो. त्यामुळे छत वर उचलले जाते. अडीच चौरस मीटरच्या छतावर ताशी ६० किलोमीटरला हा उचल पंचवीस-तीस किलोपर्यंत जाऊ शकतो, व समोरून ट्रक आला की क्षणभर त्याच्याही पलीकडे जातो. ताडपत्री फाटली ती याच कारणाने. म्हणून वीत-वीत अंतरावर नटबोल्ट, त्याखाली रुंद वॉशर व रबर, असे बांधकाम करावे.

याच दाबाचा उपयोग हवा खेळती ठेवण्यास करून घेता येतो. भाजी तोडल्यावरही श्वास घेत असते व उष्णता सोडते. पेटी घट्ट बंद केली तर वाऱ्यापासून वाचविलेली मेथी उकडून काळी पडेल. तोंडाच्या सपाट मध्यभागी दाब सर्वांत अधिक असतो; तेथे पोस्टकार्डाएवढे एक भोक ठेवावे. बाहेर पडण्याची वाट छतावर, पुढील बाकाच्या लगेच मागे, दाब कमी असतो तेथे ठेवल्यास हवा पुढच्या पुढेच निघून जाईल व मागचे क्रेट उबतील. म्हणून ती मागच्या बाजूस दोन्ही कुशींना वरच्या अंगास ठेवावी. पोस्टकार्डाएवढ्या भोकातून वेगात इतकी हवा आत येते की पेटीतील सारी हवा मिनिटाला दोन-तीनदा बदलते. वांगी, भेंडी, काकडी यांस हे चालेल. पालेभाजी असल्यास सरकती झडप ओढून भोक बोटभर उघडे ठेवावे व त्याच्या आत ओले गोणपाट टांगावे. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून भोकामागे उलटी फळी लावावी आणि तळाला पाणी जाण्यास छिद्रे ठेवावी. ठाण्याकडे वर्षाकाठी सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो; तो चार महिन्यांत पडतो हे ध्यानात घेऊनच सांधे भरावेत. छताला पांढरा रंग द्यावा.

आता मिळकतीचा हिशेब. कडा गोल केल्याने ताशी ६० किलोमीटरला सुमारे दहा किलोचा जोर वाचतो. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर सतत त्याच वेगाने गेल्यास लिटरभर डिझेल वाचेल. परंतु मुरबाडहून कल्याणमार्गे ठाण्यास येताना सतत ६० चा वेग कोणाला मिळतो? गर्दी, खड्डे, सिग्नल यांचा विचार करता चौकोनी पेटीच्या मानाने फेरीस अर्धा लिटर वाचला तरी समाधान मानावे. आठवड्यास दोन फेऱ्या धरल्या तर वर्षाला पन्नास लिटर होतात. एवढ्यासाठी कोणी चांगली पेटी मोडून नवा टप करावा, असे आम्ही सांगणार नाही. ज्यास नव्याने टप बांधावयाचाच आहे त्याने मात्र पत्रा काटकोनात न वाकविता पिंपावर वाकवावा; मजुरीत फारसा फरक पडत नाही. खरा लाभ भाजीच्या टवटवीत असण्याचा, आणि तो डिझेलहून मोठा आहे.

सुरक्षिततेविषयी काही गोष्टी कटाक्षाने पाळावयास हव्यात. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा जोडणीच्या आकड्यावर आला पाहिजे. ५०० किलोच्या ट्रेलरची दांडी तोलकाट्यावर टेकविल्यास पन्नासच्या आसपास भरावे. वजन मागे गेले तर दांडी हलकी होते आणि वेगात ट्रेलर सापाच्या शेपटीसारखा डावी-उजवीकडे हेलकावे घेऊ लागतो. असे झाल्यास चालकाने करकचून ब्रेक लावू नये व सुकाणूशी झगडू नये. पाय काढून वेग उतरू द्यावा. जड क्रेट तळाशी व चाकांच्या किंचित पुढे, हलके वर, हा नियम समजावा. दिवसभर विक्री होत असता क्रेट मागूनच काढले जातात व वजन पुढे राहते. परतताना मात्र उरलेला माल दाराशी सोडून देण्याची सवय अनेकांस असते. तो पुढे सरकवावा. रिकामा टप आडव्या वाऱ्यास फार लवकर बळी पडतो. खाडीवरील पुलावर ताशी पन्नास किलोमीटरचा झोत कुशीवर आला तर वीसपंचवीस किलोचा आडवा धक्का बसतो. पावसाळ्यात रिकाम्या ट्रेलरसह पूल ओलांडताना वेग चाळीसच्या खाली आणावा. आकड्याखेरीज साखळी असावीच. दिवे, लाल परावर्तक पट्ट्या व क्रमांकाची पाटी टपाने झाकली जाता कामा नये.

शेवटी कायद्याचा भाग. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये ट्रेलरचीही स्वतंत्र नोंदणी लागते, व नोंदणी झालेल्या वाहनात मूळ रचनेहून निराळा बदल करण्यास कलम ५२ चे निर्बंध आहेत. जुन्या जीपचा सांगाडा व पंपाचे इंजिन जोडून केलेल्या ‘जुगाड’ गाड्याही मोटार वाहनच होत, नोंदणीवाचून त्या रस्त्यावर आणता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. अपघात झाल्यास विमा कंपनी प्रथम हेच कागद पाहते आणि कागद नसतील तर भरपाईचा बोजा शेतकऱ्याच्या जमिनीवर येऊ शकतो. म्हणून पत्रा विकत घेण्यापूर्वीच टपाचा साधा नकाशा, मापे व अंदाजी वजन लिहून प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा अर्ज लिहून देण्यास शेतकऱ्यास साहाय्य करावे. पिंपावर पत्रा वाकविणे त्याला आपल्याहून चांगले येते, अर्जाची भाषा येत नाही.

आमच्या शेतकरी बंधूंची परवानगी येण्यास काही आठवडे लागले. तोवर त्यांनी जुन्या पेटीच्याच पुढील कडांना कापलेल्या नळ्या बांधून पाहण्याची इच्छा दर्शविली. तीही परवानगीशिवाय करू नये असे सांगावे लागले, व ते थोडे नाराज झाले. नव्या टपातून पहिली फेरी झाली तेव्हा बाजारात मेथीच्या सहा जुड्या परत आल्या. पूर्वी चाळीस येत असत. पावसाळा उलटल्यावर टप तपासला तेव्हा मागील बिजागरीच्या खाली गंज धरलेला आढळला. तेथे पाणी साचत होते. आता त्या जागी आणखी एक छिद्र पाडले आहे, व दर पंधरा दिवसांनी बिजागरीस तेल घालण्याचे काम त्यांच्या धाकट्या मुलाकडे दिले आहे.